मॅडम, तो अहवाल खोटाच होता

नसीम मॅडम,

तुमच्या कबरीवर माती टाकून आलो त्याला आज बारा दिवस झाले. कब्रस्तानात नेमकं काय करायचं असतं ते मला ठाऊक नव्हतं. तुमच्या धाकट्या भावानं खांद्यावर हात ठेवून हळूच सांगितलं, "सर, तीन मुठी टाका." मी टाकल्या. लोक पांगले तरी मी तिथंच उभा होतो. तुमच्याबरोबर इतकी वर्षं काढली, पण शेवटचं वाक्य कधी माझं झालं नव्हतं. त्या दिवशी झालं असतं, तर मला एक वाक्यसुद्धा सुचेना.

रडू नंतर आलं. आधी राग आला. आपलं भांडण अर्धवट टाकून गेलात म्हणून.

आठवतं ना, त्या रविवारी शहागंजच्या बाजारातून वाट काढत मी तुमच्या घरी आलो होतो. रिटायर होऊन तुम्हाला चार वर्षं झाली होती, तरी टेबलावर वह्यांचा ढीग तसाच. गल्लीतल्या पोरी शिकायला यायच्या. बोलता बोलता मी म्हणालो, "कोविडनं पोरांची दोन वर्षं खाल्ली, मॅडम." तुम्ही चष्मा काढून ठेवलात. तुम्ही चष्मा काढलात की समोरच्यानं सावध व्हायचं असतं, हे अख्ख्या स्टाफला माहीत होतं.

"कोविडने शाळा बंद केली, भगवान सर. पोरांना विसरलं कोण? तो विषाणू का आपण?"

"आपल्या हातात काय होतं?"

"बहुत कुछ था. तुम्हाला आत्ता सांगत बसले तर माझी बीपीची गोळी चुकेल. पुढच्या इतवारी या, सांगते."

पुढचा रविवार आला नाही. शुक्रवारीच छातीत दुखायला लागलं म्हणे, आणि दवाखान्याच्या दारापर्यंतसुद्धा तुम्ही थांबला नाहीत. तुम्ही काय सांगणार होतात ते आता मलाच आठवून आठवून काढावं लागतंय. म्हणून हे लिहायला बसलोय.

वीस सालचा मार्च. चितेगावची आपली शाळा, तुम्ही मुख्याध्यापिका, मी गणिताचा मास्तर. पोरं सगळी कंपन्यांत काम करणाऱ्यांची. कुणी बीडकडचं, कुणी जालन्याचं, कुणी कन्नड तालुक्यातलं. एकेका खोलीत पाच-सहा माणसं राहायची. कंपन्या थांबल्या आणि बघता बघता त्या खोल्यांना कुलपं लागली. पैठण रोडनं माणसं चालत गेली. डोक्यावर बोचकी, कडेवर लेकरं, आणि त्यातल्या काहींच्या पाठीला आपल्या शाळेची दप्तरं.

मग आदेश आला की वर्ग ऑनलाइन घ्या. शाळा बंद असली तरी शिक्षण चालू आहे, असं जिथं तिथं लिहून यायला लागलं. मी गच्चीवर फळा टेकवून अपूर्णांक शिकवायचो, बायको फोन धरून उभी राहायची. तुम्ही रोज फोन करायचात.

"किती पोरं बघतात?"

"सगळ्यांना पाठवलाय, मॅडम."

"मी काय विचारलं?"

बघणारी पोरं तीच ती होती. ज्यांच्या घरात बापाचा फोन रिकामा पडलेला असायचा, तेवढीच.

पावसाळ्यात संस्थेच्या सचिवांचा मला थेट फोन आला. वर पाठवायला तक्ता हवा होता. वर्गवार, नाववार, ऑनलाइन हजेरीचा. "आपली संस्था मागं दिसायला नको, सर. गणित तुमचं चांगलं आहे, आकडे नीट बसवा," म्हणाले. आणि मी बसवले. दोन दिवस घरी बसून सगळे रकाने भरले. वाचणाऱ्याला संशय येऊ नये म्हणून मधूनमधून चार-दोन गैरहजऱ्याही टाकल्या. हे मी तेव्हा तुम्हाला सांगितलं नव्हतं. खोटं इतकं बेतून केलं होतं की मला त्याचा थोडा अभिमानसुद्धा वाटत होता.

तुम्ही ऑफिसात तो तक्ता वाचलात. मास्कवरून ओढणी गुंडाळलेली, नुसते डोळे दिसत होते. बोट एका ओळीवर थांबलं.

"ही सानिया. हिच्या घरी फोन आहे?"

"नाही वाटतं."

"आणि रेणुका? रेणुका कुठंय?"

"गावाकडं गेले ते लोक. गाव माहीत नाही."

"ती कुठंय तेच माहीत नाही, और आप उसको रोज हाजिर रख रहे हैं." तुम्ही कागद माझ्यापुढं सरकवलात. "नाव भगवान आहे म्हणून पोरगी नाही तिथंही दिसते का तुम्हाला? हे माझ्या सहीनं जाणार आहे. तुम्ही बनवलंय, तुम्हीच दुरुस्त करा. एकेक घर विचारून."

मनातून मी तुमच्यावर भयंकर चिडलो होतो, मॅडम. सगळ्या शाळा असंच करतायत, एकट्या आपल्यालाच सत्याचा पुळका कशाला, असं वाटत होतं. तरी हिंडलो. कुलूप दिसलं की घरमालकाला विचारायचं, कुठं गेले, कुणाचा नंबर आहे का. तुम्हीही हिंडलात, साठीला टेकलेल्या, गुडघे धरून जिने चढत. नवा तक्ता झाला तेव्हा त्यात भरलेल्यापेक्षा रिकामे रकाने जास्त होते. खाली तुम्ही तुमच्या त्या ठसठशीत मराठी अक्षरात लिहिलंत, 'या विद्यार्थ्यांपर्यंत आमची शाळा पोहोचू शकलेली नाही. त्यांच्यासाठी काय करता येईल, याचं मार्गदर्शन व्हावं.' आणि सरळ शिक्षण खात्याला पाठवून दिलंत. संस्थेला प्रत नंतर.

मार्गदर्शन काही आलं नाही. सचिवांचा फोन मात्र आला. तुम्ही तो कानापासून हातभर लांब धरून ऐकलात, आणि ठेवल्यावर मला म्हणालात, "चला, सानियाकडं जाऊन येऊ."

सानियाबद्दल लिहायला हात धजत नाही. तिचा बाप शिलाईकाम करायचा, दुकान बंद झालं होतं, आणि एवढ्या लहान वयात तिचं लग्न ठरवलं होतं. तुम्ही तीनदा गेलात. पहिल्यांदा त्यांनी चहा दिला. दुसऱ्यांदा सानिया दाराआड उभी राहून ऐकत होती. तिसऱ्यांदा बापाची बहीण, तिची फूफी, म्हणाली, "मॅडम, आप तो अपने हैं, आप भी ऐसा करेंगे?" तुम्ही तिथंच उभं राहून बालविवाहाच्या तक्रारीचा फोन लावलात. पण चौकशीला माणूस येईपर्यंत त्यांनी पोरीला नातेवाइकांकडं पाठवलं, आणि तिकडंच निकाह उरकला. ते कळलं त्या दिवशी मी तुम्हाला मोटारसायकलवर घरी सोडलं. दारात उतरल्यावर म्हणालात, "माझ्या हातातून गेली, भगवान सर." मी म्हणालो, "तुम्ही काय कमी केलं?" तुम्ही म्हणालात, "कमी केलं नसतं तर ती वर्गात असती." तुमचं म्हणणं मला आजही पटत नाही, आणि खोडताही येत नाही.

रेणुकाचा पत्ता हिवाळ्यात लागला. तिचा बाप बाबुराव कंपनीत कंत्राटी कामगार होता. काम सुटल्यावर घरदार घेऊन पिशोरकडं भावाच्या मेंढरांत गेला होता. मेंढरं आज या रानात, उद्या त्या रानात. आपण विचारत विचारत गेलो. मागं बसून तुम्ही सबंध वाट रस्त्याला शिव्या घातल्यात. पिशोरच्या पुढं एका कापलेल्या मक्याच्या रानात जाळीची वाघूर लावून मेंढरं बसवली होती. रेणुका चुलीपाशी होती. आपल्याला बघितलं आणि हातातलं लाकूड तसंच टाकून उभी राहिली.

बाबुरावनं घोंगडं अंथरलं. "बसा मॅडम. पोरगी आता मोठी झाली. जागा आलीय चांगली. दाखला तेवढा द्या."

"किती वर्षांची झाली?"

"पंधरा भरतील की."

"मग नाही. दाखला देणार नाही, आणि लग्न लावलं तर पोलीस घेऊन मीच मांडवात येईन. शाळेतून तिचं नाव मी कमी करणार नाही."

बाबुराव चिडला नाही. हसला, आणि ते जास्त लागलं. "तुमाला बोलाया काय जातंय, मॅडम? नाव लिवलंय म्हंता. शाळा हाय कुठं? दावा मला. वरीस होत आलं, एक मास्तर आला व्हता का हिकडं?"

तुम्ही पहिल्यांदाच अडखळलात. मग माझ्याकडं हात केलात. "ही काय, आणलीय. गणित आणि विज्ञान हे सर शिकवतील, भाषा मी. दर इतवारी येणार. तुमची मेंढरं असतील तिथं."

मला विचारलंसुद्धा नव्हतं! माझ्या तोंडावर 'नाही' यायच्या आत बाबुराव माझ्याकडं वळला. "सर, खरंच येनार का? का बाईमानूस बोलतंय म्हनून मान हालवताय?"

तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते मी वीस वर्षांत स्टाफरूममध्ये कुणाला सांगितलं नव्हतं. बाप काय करायचा म्हटलं की मी 'शेती' सांगायचो. "येनार," मी म्हणालो. "माझा बापबी मेंढरंच राखायचा. आमी सहा-सहा महिने गावाबाहेर असायचो. गुरुजींनी माझं नाव पटावरून कमी केलं नाय, म्हनून आज सर झालोय."

बाबुरावनं मला खालून वर न्याहाळलं. "आमच्यातलंच हाय व्हय तुमी?" म्हणाला, आणि रेणुकाला चहा टाकायला सांगितलं. परतीच्या वाटेवर मी वाट बघत होतो की तुम्ही आता काहीतरी बोलाल, एवढी वर्षं लपवलंत का म्हणून विचाराल. फुलंब्री ओलांडल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "इतवारी भूमितीपासून सुरू करा. तिची भूमिती कच्ची आहे."

त्यानंतर किती रविवार गेले, मॅडम? लाट वाढली तेव्हा खंड पडला, पण आपण जात राहिलो. दहावीची परीक्षा रद्द झाली, मार्क शाळेनं द्यायचे ठरलं, आणि आपलं खरं भांडण तिथं पेटलं. मी म्हणालो, रेणुकाची एकही चाचणी झालेली नाही, मी हवेतून मार्क देणार नाही. तुम्ही म्हणालात, "मार्क द्या कोण म्हणतंय? परीक्षा घ्या म्हणते मी." "कुठं?" "जिथं ती आहे तिथं." झाली परीक्षा. लिंबाखाली, पेंडीच्या पोत्यावर कागद ठेवून. एका कोकरानं प्रश्नपत्रिकेचा कोपरा खाल्ला, त्यात पाचव्या प्रश्नाचं निम्मं गेलं. मी तो तोंडी विचारला. बाबुराव सगळा वेळ लांब उभा होता, पेपर चालू असताना कोणी बोलू नये म्हणून मेंढरांनासुद्धा दबक्या आवाजात हाकत. तिनं मिळवले तेवढेच मार्क मी दिले, एक जास्त नाही. तुम्ही बघून म्हणालात, "कंजूस." पण तुम्हीही एक वाढवला नाहीत. लग्नाची जागा मागंच माघारी गेली होती.

याची किंमत तुम्ही भरलीत, आणि मी बघत राहिलो. ते आता लिहितो.

स्टाफ मीटिंग. खुर्च्या लांब लांब मांडलेल्या. सचिवांनी आरोप वाचले. संस्थेची बदनामी, निर्बंध असताना विद्यार्थ्यांच्या भेटी, पालकांना पोलिसांची धमकी. मग विचारलं, "मॅडमच्या या वागण्याला ज्यांचा पाठिंबा आहे, त्यांनी हात वर करावा." तुम्ही कुणाकडंच बघितलं नाहीत. मला वाचवायचं म्हणूनच तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत, हे मला नंतर कळलं. माझे हात मांडीवर होते. तसेच राहिले. मुलं लहान आहेत, बायकोची तब्येत बरी नसते, अशी सगळी कारणं मी घरी जाताना स्वतःला सांगितली, आणि मेंढरांच्या रानात बाबुरावपुढं फुगलेली छाती कुठं गेली ते काही सापडलं नाही.

निवृत्तीला काही महिने उरले असताना तुमच्याकडून पदभार काढून घेतला. दुसऱ्या दिवशी तुम्ही स्टाफरूममध्ये येऊन बसलात, आणि फोन समोर ठेवून आठवीचा ऑनलाइन मराठीचा तास घेतलात. निरोप समारंभ झाला नाही. निर्बंध आहेत, असं कारण दिलं.

नंतर मी कितीदा तोंड उघडलं, "मॅडम, त्या दिवशी मीटिंगला..." आणि दर वेळी तुम्ही म्हणालात, "चाय ठंडी हो रही है." माफी मागू दिली असती तर मी मोकळा झालो असतो. तुम्ही मला मोकळं होऊ दिलं नाहीत. त्याबद्दल मी आज तुमचे आभार मानतो, कारण मोकळा झालो असतो तर पुढचं काहीच केलं नसतं.

शाळा उघडली तेव्हा पोरं उंच झाली होती आणि अक्षरं विसरली होती. आठवीतल्या पोरांना हातचा घेऊन वजाबाकी येईना. प्रश्न विचारला की खाली बघायची. फोनवर दोन वर्षं आवाज बंद ठेवायला शिकवलेलं, तो चालू कसा करायचा हे कुणाला कळत नव्हतं. तुम्ही फोनवरून सांगितलंत, "पुस्तक बंद करा. आधी वाचायला लावा, मोठ्यानं. शिक्षणाधिकारी आले तर सांगा, अभ्यासक्रम मागं आहे, पोरं पुढं आहेत." प्रार्थनेच्या आधीचा तो तास मी सुरू केला, अजून चालू आहे. रेणुका आता नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आणि सानिया, मॅडम, सानिया तुमच्या मयतीला बायकांच्यात होती, कडेवर पोरगी घेऊन. तुमच्या मुलीनं मला आत बोलावून एक कागद दिला. बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म, सानियाच्या नावाचा, तुमच्या अक्षरात अर्धा भरलेला. मला या कामाचा पत्ताही नव्हता. उरलेला अर्धा मी भरला, सानियाला समोर बसवून. तिनं सही मराठीत केली. फॉर्म गेला आहे.

परवा शाळेत तुमची शोकसभा झाली. ज्या संस्थेनं तुम्हाला निरोपाचा एक हार दिला नाही, तिनं तुमच्या फोटोला दोन घातले. सचिव भाषण वाचत होते. "कोविडच्या कठीण काळात मॅडमच्या कुशल नेतृत्वाखाली आपल्या शाळेनं शंभर टक्के विद्यार्थ्यांना ऑनलाइन शिक्षण दिलं, एकही विद्यार्थी प्रवाहाबाहेर जाऊ दिला नाही." हेच स्मरणिकेतही छापायचं ठरलं आहे, असं जाहीर केलं. टाळ्या वाजल्या.

ज्या खोट्यावर तुम्ही सही केली नाहीत, ते तुम्ही बोलू शकत नाही असं बघून तुमच्या नावावर चढवत होते.

मी उठलो. "साहेब, हे खरं नाही."

"भगवान सर, शोकसभा आहे. बसून घ्या."

"बसतो. आधी ते वाक्य खोडा. मॅडमनी लिहून दिलं होतं की आपली शाळा पोरांपर्यंत पोहोचली नाही. तसं लिहायला त्या काळात एकच मुख्याध्यापिका तयार झाल्या, त्या ह्या. त्यांचं नेतृत्व विचाराल तर ते हे. तुम्ही सांगताय तो शंभर टक्क्यांचा तक्ता मी घरी बसून बनवला होता. तुमच्या सांगण्यावरून. तो खोटा होता."

कुणीतरी माईक बंद केला. वर्गात चाळीस पोरांपुढं बोलणाऱ्या माणसाला माईक लागत नाही. मी सानियाचं सांगितलं, मेंढरांच्या वाड्यावरच्या परीक्षेचं सांगितलं, तुमचा पदभार का काढला तेही सांगितलं. मागच्या रांगेत बाबुराव आणि रेणुका होते. पुढच्या रांगेत काही जण खाली बघत होते. मला त्यांचा राग आला नाही, मी त्या खुर्चीत बसून आलोय. सगळं बोलून संपवलं. तुम्ही असता तर म्हणाला असतात, "बहुत देर कर दी." हो, केली. चार वर्षं केली.

काल कारणे दाखवा नोटीस आली. संस्थेची बदनामी केल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये, सात दिवसांत खुलासा करावा. बायकोनं वाचली, परत माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "खुलासा नीट अक्षरात लिहा." मी लिहिला आहे. दीड पान झाला. तुमच्या खऱ्या अहवालाची झेरॉक्स मागं जोडली आहे. क्षमा मागतो हे शब्द त्यात कुठंही नाहीत.

उद्या तो मी स्वतः संस्थेच्या ऑफिसात नेऊन देणार आहे. त्यांनी सकाळी साडेदहाला बोलावलंय. मी दुपारी येतो म्हणून कळवलंय. साडेदहाला माझा दहावीचा तास आहे.